पेटीची किल्ली कुणाकडे?

30 जून 2025. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरातल्या विद्यादीप बालगृहातून नऊ मुली बाहेर पडल्या आणि रस्त्याने धावत जिल्हा न्यायालयाच्या दिशेने निघाल्या. मारहाण होते, अपमानास्पद वागणूक मिळते, ऐकून घेणारं कुणी नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पुढचे काही दिवस प्रकरण गाजलं. विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, मुंबई उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, संस्थेतल्या लोकांवर गुन्हा नोंदवला गेला. बालगृहाकडे तोवर सरकारची मान्यता होती. भेटी देणारी यंत्रणाही कागदावर होती. तरीही मुलींना आपलं म्हणणं सांगण्यासाठी फाटक ओलांडावं लागलं.

जेमतेम तीन आठवडे उलटले आणि धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलीस ठाण्यात एक तक्रार नोंदली गेली. ती होती शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगाव इथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या संस्थेबद्दल. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने एका अल्पवयीन मुलीवर वारंवार अत्याचार केले, तिने लेखी तक्रार केली तेव्हा ती फाडून टाकण्यात आली आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात करवण्यात आला, असे आरोप त्यात आहेत. गुन्हा औसा पोलिसांकडे वर्ग झाला आणि संस्थेच्या प्रमुखांसह काही जणांना अटक झाली. हे आरोप आहेत, निकाल नव्हे. खरं-खोटं न्यायालयच ठरवेल. पण एक गोष्ट निकालाची वाट न पाहता नोंदवता येते. तक्रार औसा पोलिसांपर्यंत पोचली ती संस्थेच्या आवारातून नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्यातून.

निवासी संस्थांमधल्या मुलांवरच्या अत्याचारांची महाराष्ट्रातली गेल्या पंचवीस वर्षांतली प्रकरणं एकापुढे एक मांडली की हाच धागा पुन्हा पुन्हा हाती येतो. तपासणी झाली आणि तपासणीत उघडकीला आलं, असं क्वचित घडलं आहे. मूल बाहेर पडलं किंवा बाहेरचं माणूस आत गेलं, तेव्हाच बोलणं फुटलं.

धाराशिवसारख्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात. मुलं मागे राहतात ती आजीआजोबांकडे, हंगामी वसतिगृहात, नाहीतर आश्रमशाळेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं उभारायची असं ठरलं, त्यात हा जिल्हाही आहे. मराठवाड्यात बालविवाहाचं प्रमाण मोठं. लग्न मोडून सोडवलेली मुलगी, प्रेमप्रकरणात घर सोडून गेलेली मुलगी, चोरीत सापडलेला मुलगा, ज्याचं घरी कुणी नाही असं लेकरू, अशा सगळ्यांना बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ कुठल्या ना कुठल्या संस्थेत पाठवतं. त्यात 2025 मध्ये तुळजापुरात एमडी या अमली पदार्थाचं प्रकरण उघडकीला आलं आणि व्यसनाला लागलेल्या पोराचं करायचं काय, हा प्रश्न तीर्थक्षेत्राच्या गावातल्या आईबापांपुढेही उभा राहिला.

पोर हाताबाहेर गेलं की घरातली माणसं एक वाक्य हमखास बोलतात: कुठंतरी ठेवू, वळण लागेल. हे ‘कुठंतरी’ म्हणजे नेमकं कुठं, इथून पुढचा गुंता सुरू होतो.

बालगृह आणि निरीक्षणगृह महिला व बालविकास खात्याच्या हाताखाली. आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे. मागासवर्गीय मुलामुलींची सरकारी वसतिगृहं समाजकल्याणकडे. निवासी दिव्यांग शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. हंगामी वसतिगृहं जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे. व्यसनमुक्ती केंद्रांचा संबंध आरोग्य आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांशी. आणि खासगी गुरुकुलं, निवासी अकादम्या, वारकरी शिक्षण देणाऱ्या छोट्या संस्था यांतल्या कित्येक तर कुणाच्याच खात्यावर नाहीत. मूल तेच, वयही तेच. पण ते कोणत्या दारातून आत गेलं यावर त्याच्या खोलीत कोण डोकावणार हे ठरतं.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकात सुधारशाळा उभी राहिली. 1924 मध्ये मुंबई इलाख्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो देशातल्या अशा सुरुवातीच्या कायद्यांपैकी एक. त्याच्या पाठोपाठ 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरी आणि मानखुर्दची मुलांची गृहं ती आजही चालवते. ‘रिमांड होम’ हा शब्द मराठी घराघरांत गेला तो याच काळापासून, मुलाला धाक घालण्याचा शब्द म्हणून. हेतू सुधारणेचा होता. पण सुधारणा करणाऱ्यांवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं आणि 1986 मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहण्याचे आदेश दिले, तेव्हा बाहेरची नजर हा मुलाचा हक्क असल्याचं देशपातळीवर ठसलं.

कुलाब्याच्या अँकरेज निवाऱ्याचं प्रकरण या सगळ्यात सर्वात बोलकं. रस्त्यावरच्या मुलांसाठी परदेशी माणसांनी चालवलेली संस्था, दानशूरपणाचा बोलबाला, आणि आत मुलांचं लैंगिक शोषण. मुलांचं म्हणणं चाइल्डलाइन ही मुलांची मदतसेवा आणि कार्यकर्ते यांच्यापर्यंत पोचलं आणि 2001 मध्ये प्रकरणाला तोंड फुटलं. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने डंकन ग्रँट आणि अ‍ॅलन वॉटर्स या ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरवलं, 2008 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत दहा वर्षं. तक्रार करणारी मुलं तोवर जाणती माणसं झाली होती.

2010 मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेची भीषण अवस्था वर्तमानपत्रांतून पुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली आणि अशा संस्था पाहण्यासाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या याच भेटींच्या काळात, 2011 मध्ये, पनवेलजवळच्या कल्याणी महिला बालसेवा संस्थेतले मतिमंद मुलींवरचे अत्याचार उजेडात आले. स्वतःवर काय गुदरलं हे सांगताही न येणाऱ्या मुली होत्या त्या. संस्थेचा प्रमुख आणि इतरांना 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरवलं. सरकारी तपासनीसांना ही संस्था नवीन नव्हती. न्यायालयाने पाठवलेली, संस्थाचालकांशी देणंघेणं नसलेली माणसं गेली, हाच काय तो फरक.

खामगाव तालुक्यातल्या पाळा आश्रमशाळेचं प्रकरण नोव्हेंबर 2016 चं. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घरी गेली, पोट दुखतं म्हणाली आणि मग आईबापांना खरं कळलं. सुट्टी नसती तर? त्याच वर्षी राज्यपालांनी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने आश्रमशाळांमधल्या मुलांच्या मृत्यूंबद्दलचा अहवाल दिला. आजारी मूल वेळेवर दवाखान्यात पोचत नाही, रात्री मुलींजवळ जबाबदार बाई नसते, ही दुखणी त्यानंतरही चर्चेत राहिली. ऑगस्ट 2022 मध्ये मुंबईतल्या डेव्हिड ससून शाळेतच सोबतच्या मुलांच्या मारहाणीत एका सोळा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. धोका फक्त मोठ्यांकडून असतो असंही नाही. मोठी माणसं जागेवर नसली की मुलांची आपापसातली दहशत तयार होते.

सगळ्या देशाला हादरवणारं मुझफ्फरपूरचं प्रकरण उघडकीला आणणारी माणसंही मुंबईतलीच. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाने बिहार सरकारच्या सांगण्यावरून तिथल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं आणि 2018 मध्ये अहवाल दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुली त्यांच्याशी बोलल्या. त्याआधी सरकारी अधिकारी त्याच इमारतीत येऊन-जाऊन होते, अहवाल लिहीत होते. 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चालक ब्रजेश ठाकूरला जन्मठेप दिली. याच टाटा संस्थेचं एक आवार धाराशिव जिल्ह्यात, तुळजापुरात आहे. सामाजिक कामाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं जिल्ह्याच्या दारात आहेत आणि जिल्ह्यातल्या निवासी संस्थांचं असं लेखापरीक्षण नियमित करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

कायदा तर कमी नाहीच. 2015 च्या बाल न्याय कायद्याने प्रत्येक बालसंगोपन संस्थेला नोंदणी सक्तीची केली. नोंदणीविना संस्था चालवल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड. जिल्हा तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची, पथकात किमान तीन जण, त्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि आठवड्याभरात अहवाल. बालकल्याण समितीने महिन्याला किमान दोन भेटी द्यायच्या. बाल न्याय मंडळाने विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांच्या गृहाला महिन्यातून एकदा. संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मुलाला क्रूर वागवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. 2012 च्या पॉक्सो कायद्यात संस्थेच्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार जास्त गंभीर ठरवला आहे आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणारा संस्थाप्रमुखही शिक्षेला पात्र आहे. बाल न्याय कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांवर मोठी जबाबदारी टाकली. आणखी एक तरतूद त्यात आहे, ती फारशी चर्चेत येत नाही: जिल्ह्यातल्या बालसंगोपन संस्थेच्या व्यवस्थापनात असलेल्या व्यक्तीला बालकल्याण समितीवर बसता येत नाही. चालवणारा आणि तपासणारा एकाच बैठकीतले असतात, ही कुजबुज कायद्यानेच मान्य केली, असं यातून दिसतं.

अंमलबजावणीचं चित्र मात्र वेगळं. केंद्र सरकारने 2016-17 मध्ये देशभरच्या 9,589 संस्थांची पाहणी केली तेव्हा फक्त 32 टक्के संस्था बाल न्याय कायद्याखाली नोंदलेल्या आढळल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये वर्षअखेरपर्यंत सगळ्यांची नोंदणी करा असं बजावलं. नोंदणीचे आकडे त्यानंतर सुधारले. पण नोंदणी म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे विद्यादीपने पुन्हा दाखवलं.

गोम कुठे आहे ते एका साध्या वस्तूवरून कळतं. बाल न्याय कायद्याखालच्या केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत मुलांसाठीच्या सूचनापेटीचा अगदी बारकाईने विचार केलेला आहे. पेटी कार्यालयाजवळ नको, मुलांच्या खोल्यांजवळ हवी, म्हणजे चिठ्ठी टाकताना कुणी पाहणार नाही. किल्ली संस्थेच्या अधीक्षकाकडे नाही, तर व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे, म्हणजे जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याकडे. पेटी दर आठवड्याला उघडायची, तीही मुलांच्या समितीतल्या प्रतिनिधींसमोर. हा नियम ज्याने लिहिला त्याला बालगृहातलं जग ठाऊक होतं. आता कोणत्याही बालगृहात जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: पेटी कुठे टांगली आहे, कुलपाची किल्ली कुणाच्या टेबलाच्या खणात आहे, आणि शेवटची चिठ्ठी कोणत्या तारखेला काढली. अधीक्षकाच्या केबिनबाहेर टांगलेली, महिनोन्‌महिने रिकामी असलेली पेटी ही मुलं समाधानी असल्याची खूण मुळीच नाही. ती मुलं शहाणी असल्याची खूण आहे.

तपासणीचंही तसंच. भेट आधी कळवलेली असेल तर चादरी बदललेल्या, आमटी दाट आणि मुलं रांगेत. पथक अधीक्षकांच्या खुर्चीसमोर बसतं, हजेरीपट, साठा नोंदवही, स्वयंपाकघर पाहतं आणि मुलांना अधीक्षकांसमोरच विचारतं, काही त्रास आहे का? या प्रश्नाचं उत्तर एकच असतं. एकांतात, ओळखीच्या बाईशी, दोन-तीन भेटी झाल्यावर मूल बोलतं. मुझफ्फरपूरला ‘कोशिश’ने वेगळी जादू केली नाही, कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवून मुलांशी बोललं गेलं.

संस्था चालवणाऱ्यांची बाजूही पाहायला हवी. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेखाली एका मुलामागे महिन्याला 3,000 रुपये धरलेले आहेत. त्यात जेवण, कपडे, औषध, शाळेचा खर्च. अनुदान वेळेवर येत नाही ही स्वयंसेवी बालगृहांची जुनी तक्रार आहे. तुटपुंज्या मानधनावर, रात्रंदिवस, तीस-चाळीस मुलींमागे एक काळजीवाहक, तीही बिनप्रशिक्षणाची, अशी स्थिती असेल तर ती बाई चिडेल, हात उगारेल, नाहीतर सोडून जाईल. पोलिसात गेलेली, घरच्यांनी नाकारलेली, मनावर ओरखडे घेऊन आलेली मुलगी सांभाळणं हे कसबी काम आहे. ते फुकटात होणार नाही. मात्र पैसा नाही म्हणून मुलीला मारलं, असा युक्तिवाद कुणाच्याच तोंडी शोभत नाही.

नावलौकिक हाही देखरेखीला पर्याय नाही. मराठवाड्याने मोठ्या मनाची माणसं पाहिली आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा पट्टा उद्ध्वस्त केला, तेव्हा पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं केलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिवची सुमारे बाराशे मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवली. अशा कामांची गरज आजही आहे. म्हणूनच चांगल्या संस्थांनी तपासणीला अविश्वास समजू नये. पुरस्कार, सत्कार, पाहुण्यांचे दौरे यांच्या वलयात असलेल्या संस्थेविरुद्ध बोलताना मुलाला दुप्पट धैर्य लागतं, कारण सगळं गाव संस्थेच्या बाजूने असतं.

खासगी दाराकडे आणखी कमी लक्ष आहे. 2025 च्या सुरुवातीला आळंदीतल्या काही खासगी निवासी वारकरी संस्थांमधल्या मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारींनंतर राज्य महिला आयोग आणि पुणे जिल्हा प्रशासन यांना बेकायदा संस्थांविरुद्ध पाऊल उचलावं लागलं. मराठवाड्यातले आईबाप मृदंग, कीर्तन आणि संस्कार यांच्या ओढीने मुलं तिकडे पाठवतात. ही ओढ खोटी नाही. पण खोली भाड्याने घेऊन वीस मुलं ठेवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हे धोक्याचं आहे. व्यसनमुक्ती केंद्राचंही तेच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला प्रौढांपासून वेगळं ठेवणं आणि 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक आहे. साखळीने बांधणं तर पूर्ण निषिद्ध. मुलाला गाडीत घालून केंद्रावर सोडणाऱ्या वडिलांना यातलं काही माहीत नसतं, आणि माहीत करून देण्यात केंद्राला रस नसतो.

अमेरिकेत हा खासगी धंदाच मोठा आहे. ‘बिघडलेल्या’ किशोरांना जंगलातल्या शिबिरांत, निवासी शाळांत पाठवायचं आणि महिन्याला हजारो डॉलर मोजायचे. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 मध्ये अशा केंद्रांतल्या छळाच्या हजारो आरोपांची आणि मुलांच्या मृत्यूंची नोंद संसदेपुढे ठेवली. युटातल्या प्रोव्हो कॅनियन शाळेत राहिलेली पॅरिस हिल्टन मोठेपणी बोलू लागली, युटाने 2021 मध्ये कायदा कडक केला आणि डिसेंबर 2024 मध्ये देशपातळीवरचा कायदा झाला. तोही मुख्यतः अभ्यास आणि माहिती जमवण्यापुरता. श्रीमंत देशाला देशभरासाठी नोंदणी आणि तपासणीचं जे कलम अजून जमलेलं नाही, ते भारतात 2015 पासून छापील आहे.

मुळात किती मुलांना संस्थेची खरोखर गरज आहे, हेही पाहायला हवं. बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे असलेल्या मुलामागे महिन्याला 2,250 रुपये देते. कोरोनात बाप गेलेली मुलं, शेतकरी आत्महत्येनंतर उघडी पडलेली घरं, ऊसतोडीला न जाता गावात थांबू इच्छिणारी आजी, या सगळ्यांपर्यंत ही रक्कम वेळेवर पोचली तर बालगृहाच्या दारातली रांग निम्म्याने नसली तरी बरीच कमी होईल. जी मुलं मग उरतील, त्यांच्याकडे नीट पाहता येईल.

धाराशिव जिल्ह्यापुरतं बोलायचं तर सुरुवात एका यादीने करता येईल. खातं कोणतंही असो, 18 वर्षांखालचं मूल रात्री मुक्कामाला आहे अशा प्रत्येक जागेची, आठही तालुक्यांतली, एकच यादी जिल्हाधिकारी कार्यालयात हवी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावरही हवी. तपासणीचे अहवाल मुलांची नावं वगळून जाहीर व्हावेत. दर भेटीत किमान अर्धा तास मुलांशी कर्मचाऱ्यांविना बोलणं व्हावं, आणि वर्षातून एकदा तुळजापूरच्या टाटा संस्थेसारख्या बाहेरच्यांकडून सामाजिक लेखापरीक्षण व्हावं. चाइल्डलाइनचा 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तोंडपाठ हवा आणि तो फिरवायला मुलाच्या हाताला येईल असा फोनही हवा. 1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा 2023 पासून सरकार चालवतं, म्हणजे फोन वाजल्यावर उत्तर देण्याची जबाबदारीही आता सरकारचीच आहे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. पुढच्या तिमाही तपासणीच्या तारखेआधी हे करता येण्याजोगं आहे.